मास्तरांचा पाय ब्रेकवर होता

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची सगळी अब्रू त्यांच्या उजव्या पायात होती. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्यावर मास्तरांचा पाय आहे, या एवढ्या भरवशावर निम्मं गाव गाडी शिकलं होतं. "घाबरायचं नाही, मी बसलोय ना!" हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की बायको जिन्यात अडखळली तरी ते जागचे न हलता तेच म्हणत.

त्या दुपारीही मास्तर बसले होते, नाही असं नाही. फक्त डोळे मिटून. भरपेट जेवण झालेलं, रस्ता सरळ आणि शिकणाऱ्या बाई अबोल. वळणावर बाईंनी गडबडून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी गोदामाच्या भिंतीवर गेली. मास्तर जागे झाले ते भिंतीपाशीच.

"मी ब्रेक दाबत होतो हो! पण बाईंनी पाय उचललाच नाही!" हे त्यांनी गाडीतून उतरायच्या आधीच सांगून टाकलं. अर्धवट झोपेत इतकं सफाईदार खोटं सुचावं, याचं पुढे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. बाईंनी मात्र ते खरं मानलं. पायाच्या गोष्टीत मास्तरांवर अविश्वास कोण दाखवणार?

एक्स-रेत मोडतोड दिसली नाही, पण मान वळेना. म्हणून मास्तर कायरोप्रॅक्टरकडे जाऊ लागले. ही डॉक्टरीण गोळ्या देत नसे, आखडलेले सांधे हातांनी मोकळे करी. तिच्याकडे दोन खाटा आणि मध्ये एक पडदा. पलीकडच्या खाटेवर सुजलेलं मनगट घेऊन कोण, तर त्याच बाई!

"मास्तर, माझ्यामुळे हे सगळं," पडद्याआडून बाई म्हणाल्या. "ते काम मी आज नको म्हणून कळवतेय."

काम म्हणजे घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करण्याचं. अट एकच, गाडी चालवता यायला हवी.

"अहो, असं कसं..." मास्तर पुटपुटले.

"घरचे म्हणतात, मास्तरांचा पाय ब्रेकवर असून जी बाई भिंतीवर जाते, तिने बैलगाडीसुद्धा हाकू नये."

मान खाली घालावी असाच प्रसंग होता, पण गळ्यातला पट्टा हनुवटी खाली जाऊ देईना. मास्तर छताकडे बघत ऐकत राहिले.

तेवढ्यात डॉक्टरीण हात पुसत आली. तिने मान चाचपली आणि कपाळाला आठी घातली. "काका, इतक्या दिवसांत फरक पडायला हवा होता. पुन्हा सांगा, धक्का बसला तेव्हा मान कशी होती? समोर होती ना?"

मास्तरांनी डोळे पडद्याकडे वळवले.

"काका, त्याच हिशेबाने मी उपचार करतेय."

"कलंडलेली होती," मास्तर अगदी हळू म्हणाले. "खिडकीकडे."

"मोठ्याने बोला, ऐकू आलं नाही."

"खिडकीकडे कलंडली होती! डुलकी लागली होती मला."

डॉक्टरिणीने खांदा नव्याने तपासायला घेतला. पडद्यापलीकडे खाट करकरली, आणि दुसऱ्याच क्षणी पडदा सर्रकन बाजूला झाला.

"झोपला होतात?" बाई उभ्या होत्या. "आणि मी तुमची माफी मागत फिरतेय? तुमच्या घरी फळं घेऊन आले होते मी!"

"चुकलं माझं."

"मला सांगून काय उपयोग? मला तर आता कळलंच. माझ्या घरी येऊन सांगा. सगळ्यांसमोर."

"येतो. मान जरा सुधारली की..."

"आजच."

संध्याकाळी मास्तर पट्ट्यासकट बाईंच्या दारात उभे राहिले. बाईंच्या नवऱ्याने धावत येऊन चपला काढायला आधार दिला, उशी लावून खुर्ची पुढे केली. सासूबाई आतून लगबगीने पाणी घेऊन आल्या. "या, या मास्तर! केवढा त्रास दिला हो आमच्या हिने तुम्हाला. बसा आधी."

बाई दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी बसा म्हटलं नाही.

मास्तरांनी पेला घेतला नाही, आणि खुर्चीलाही हात लावला नाही. "उभ्यानेच सांगतो," ते म्हणाले. "माझा पाय ब्रेकवर नव्हता."