नवी पेठ शाखेचा यमदूत

ईरप्पाकाकांच्या हातून नोकरीत एकच चूक झाली, पण ती अशी झाली की अख्ख्या नवी पेठेला हसायला पुरली.

काका कापडदुकानात सेल्समन. अडतीस वर्षं एकाच गादीवर. समोर बसलेल्या बाईपुढं तेरा साड्या उलगडायच्या, चौदावी तिनं आपणहून मागावी अशी वेळ आणायची, आणि ती काहीच न घेता उठली तरी हात जोडून म्हणायचं, "या परत. नवीन माल येतोय." हे वाक्य त्यांच्या तोंडून श्वासासारखं निघतं. गॅसची टाकी ठेवून निघालेल्या माणसाला म्हणतात. एकदा दात काढून घेतला आणि खुर्चीतून उठताना डॉक्टरलाच म्हणाले.

तर एका सकाळी दुकान उघडल्या उघडल्या दोन माणसं पायरी चढली. त्यांना मांजरपाट हवं होतं, मर्तिकासाठी. त्या कापडाचे दुकानात वेगळे नियम आहेत. घासाघीस नाही, चहा विचारायचा नाही, कात्री लावायची नाही. हातानं फाडून द्यायचं आणि गिऱ्हाईक उतरेपर्यंत तोंड मिटून उभं राहायचं. काकांनी सगळं नीट केलं. टर्रकन फाडलं, घडी घातली, पिशवीत भरलं. आणि मग हात जोडले.

"या परत. पुढच्या हप्त्यात नवीन माल येतोय."

त्यातला एक पायरीवर थांबला. वळला. अगदी शांतपणे म्हणाला, "मामा, घरात आता आई आणि मी, दोघंच उरलोय. कुणाला पाठवू?"

तेव्हापासून मालक बापूसाहेब सावध असतात. कुणी पांढरं कापड मागितलं की गल्ल्यावरून आवाज येतो, "ईरप्पा, पाणी पिऊन ये." काका निमूट उठून मागच्या माठाकडं जातात. साथीच्या वर्षी, दोन टाळेबंद्यांच्या मधल्या दिवसांत, त्यांना दिवसातून नऊ-नऊ वेळा तहान लागायची. घरी शिवबाईकाकूंना वाटलं, ह्यांना साखर झाली.

पुढं दुकान पुन्हा बंद झालं आणि काका जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये सगळ्यांच्या पायात यायला लागले. काका-काकूंना मूलबाळ नाही. धाकटा भाऊ, भावजय आणि पुतणी महेश्वरी, सगळे एकत्रच राहतात. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर. महेश्वरी कॉम्प्युटरवर चालती-बोलती चित्रं करायला शिकत होती. एका दुपारी तिनं एक यमदूत काढून काकांना दाखवला. हातात गदेऐवजी मीटरपट्टी, आणि पाशाच्या जागी गळ्यात मोजायची टेप.

"हे कोण गं?" काका म्हणाले.

"तुम्ही."

"मी एवढा जाडा हाय व्हय?"

मालिकेचं नाव ठेवलं 'यमदूत, नवी पेठ शाखा'. सहा-सहा मिनिटांचे भाग, मोबाइलवर बघायचे. दर भागात हा दूत रेड्यावरून सोलापुरात येतो, चंद्रव्वा नावाच्या म्हातारीला न्यायला. आणि दर भागात रिकाम्या हातानं परत जातो, कारण चंद्रव्वाला वेळ नसतो. दूत म्हणजे काका. चंद्रव्वा कोण करणार यावर चर्चा चालू होती, तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. मी लिहिलेले संवाद त्यांच्या हातात दिले, तर त्यांनी ते कागद कढई ठेवायला खाली घेतले.

"ह्यांना थांबवायला मला कागद लागत न्हाय," म्हणाल्या. "तीस वर्सं तेच करायलेय."

रेकॉर्डिंग महेश्वरीच्या कपाटात. आत चार साड्या आणि दोन गोधड्या लोंबत सोडल्या की आवाज घुमत नाही. आत काका-काकू मांडीला मांडी लावून, बाहेर माईकची वायर धरून मी. मी रेडा होते. नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलेली एकटी मीच, म्हणून मला नुसतं फुरफुरायचं काम.

"नुसतं बसून बघा की रेड्यावर," कपाटातून काका. "बसायला पैसे पडत न्हाईत."

"दुसरा रंग न्हाय का?" काकू.

"काळ्यात हाच चांगला. धुतला तरी जात न्हाय."

"बरं. मग आदी ह्या शेंगा फोडू लाग. तवर इचार करते."

"आजी, वेळ झाली हो..."

"सुम्म कुंद्रु!" काकू अक्कलकोटकडच्या, चिडल्या की कानडीत शिरायच्या. गप बस, म्हणजे गप बस. दूत गप बसून शेंगा फोडायचा, मुहूर्त टळायचा, रेडा फुरफुरायचा आणि भाग संपायचा. दोघं कपाटातून घामानं निथळत बाहेर यायची तरी भांडण चालूच. कुठून मालिका सुरू झाली आणि कुठं संसार, आम्हाला कापताना कळायचं नाही.

असे अकरा भाग झाले. अकराव्याच्या शेवटी चंद्रव्वा म्हणते, "थांब, तुला पाणी आणते," आणि आत जाते. दूत ओट्यावर बसून राहतो.

बारावा झाला नाही. त्या श्रावणात एका दुपारी भाकऱ्या थापता थापता काकूंच्या छातीत दुखलं आणि दिवेलागणीच्या आत सगळं संपलं.

तीन वर्षं यमदूत ओट्यावर बसून होता. बघणारे लोक खाली लिहायचे, 'पाणी आणलं का?' पहिल्या वर्षी चेष्टेनं लिहायचे. नंतर कुणी लिहिलं, 'माझी आजी हे बघून हसायची, ती गेली. चंद्रव्वाचं काय झालं तेवढं सांगा.' महेश्वरीला यंदा हैदराबादला नोकरी लागली. पुढच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. म्हणाली, "म्हातारीला अशी आत आणि त्याला असा बाहेर ठेवून मी नाही जाणार."

काकूंचा आवाज तिच्याकडं होता. दोन वाक्यांच्या मधलं खोकणं, हसणं, 'कशाला घाई?', 'बस की जरा', कापून टाकलेले असे कितीतरी तुकडे. त्यातूनच तिनं चंद्रव्वा पुन्हा जोडली. शेवटच्या भागात ती पाणी घेऊन बाहेर येते, दूत पितो, ती आपणहून रेड्यावर बसते. दूतानं फक्त एक शब्द म्हणायचा, "चला."

तो एक शब्द काका म्हणेनात.

"घसा बसलाय," म्हणाले.

"काल तर खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतात," मी म्हटलं.

"तुमी रेडा हाव, रेडेबाई. मधी बोलू नका." मग महेश्वरीला म्हणाले, "दुकानात सीझन हाय गं."

"आषाढात कसला सीझन, काका?"

"मग दातं बसवायची हायत. आवाज बदलंल."

"मग त्याच्या आधी करू की."

"बगू."

जायला चार दिवस उरले. त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती, तरी काका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दुपारी बापूसाहेबांचा फोन आला. ते दुकानाच्या वरच राहतात.

"महेश्वरी, तुमचा यमदूत सकाळपासून माझ्या पायरीवर बसलाय. शेजारच्या दुकानाचं गिऱ्हाईक बिचकतंय. घेऊन जा."

आम्ही दोघी रिक्षानं गेलो. शटर खाली, काका पायरीवर, शेजारी बापूसाहेब बनियनवर चहा पीत. एक कप काकांपुढं गार झालेला.

"काका, घरी चला."

"मी न्हेणार न्हाय तिला," काका म्हणाले. रस्त्याकडंच बघत.

बापूसाहेबांनी बशी खाली ठेवली. "मग यमदूत झालास कशाला? कारकून व्हायचं."

"तवा ठावं हुतं, ती येत न्हाय म्हनून. अकरा डाव न्हाय आली."

"चित्रातली म्हातारी आहे ती, ईरप्पा."

"चित्र ह्या पोरीचं. आवाज कुनाचा हाय?"

एक रिक्षा हॉर्न वाजवत वळली, ती जाईपर्यंत काका थांबले.

"आमच्यात माणसाला आडवं न्हेत न्हाईत, मालक. बसवत्यात. भस्म लावून, हार घालून, बसवून न्हेत्यात. शिवबाई कशी बसली हुती म्हाईत हाय? गादीवर गिऱ्हाईक बसतंय तशी. मांडी घालून, ताठ. आता म्हनंल, ती जांभळी दाखवा. तिला उचलली, आन् माझं हात आपसूक जोडलं गेलं. तोंडावर आलं हुतं बगा. या परत." "मग तुमी दिसला, दारात हुबं."

"मी?"

"तुमीच. वाटलं, आता म्हनतील, ईरप्पा, पाणी पिऊन ये. म्हनून गिळलं. आन् तिला तसंच जाऊ दिलं. अडतीस वर्सात एक गिऱ्हाईक तसं जाऊ दिलं न्हाय मी. आता परत तिला न्ह्यायची आन् परत गप बसायचं? ते माज्यानं व्हायचं न्हाय."

बापूसाहेब एकदम वैतागल्यासारखे झाले.

"अरे, ती ताकीद दुकानापुरती होती!"

"आं?"

"दुकानापुरती. गिऱ्हाइकासाठी. घरचं माणूस काय गिऱ्हाईक असतं? तीन वर्षं घेऊन बसलास ते? विचारायचं तरी."

"हे तुमी आदी सांगायचं की!" काका उलट त्यांच्यावरच डाफरले. पायरीवरून उठले, शर्टाच्या चुण्या झटकल्या. "रिक्षा बग गं, महेश."

घरी आल्या आल्या कपाटात शिरले. पंखा बंद, खिडक्या बंद, आम्ही तिघंही उकडून निघत होतो. आतून पहिलं वाक्य आलं, "ही साडी कुनी दिली तुला? पदर पातळ हाय." मग कानाला हेडफोन लावला.

महेश्वरीनं आवाज सुरू केला. बाहेरच्या स्पीकरवर आम्हालाही येत होता. भांड्याचा आवाज. खोकणं. मग काकू, "घे, पी."

कपाटात कुणी पाणी प्यायल्याचा आवाज झाला. तांब्या-बिंब्या काही नव्हता तिथं. काका तोंडानंच प्याले, दुकानातल्या माठाजवळ इतकी वर्षं पितात तसे, घोट मोजून.

"कशाला घाई?" काकू.

"न्हाय घाई," काका म्हणाले. हे लिहिलेलं नव्हतं. "सावकाश बसा. डावा पाय आदी. हां. पदर सांबाळा."

काकूंचं हसू. त्या तुकड्यानंतर 'चला' यायचं होतं. महेश्वरीनं माझ्याकडं बघितलं, मी कपाटाच्या दाराकडं. फटीतून काकांचे हात दिसत होते. जोडलेले.

"या परत," काका म्हणाले.

नवीन मालाचं काही बोलले नाहीत.

मला फुरफुरायचं होतं, विसरले. महेश्वरी आवाज बंद करायला विसरली. त्यामुळे तो तुकडा तसाच पुढं चालत राहिला, आणि त्यात मालिकेतल्या नाही, घरातल्या काकू होत्या. कधीतरी माईक चालू राहिला असताना त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या असणार, कारण आवाज लांबून आला.

"अवो, किती वेळ आत बसताय? भाकरी गार व्हायलीया!"

"आलो, आलो," कपाटातून काका ओरडले.

आणि दार ढकलून खरंच बाहेर आले. डोक्यावर गोधडीचं टोक, हेडफोनची वायर पायात, शर्ट अंगाला चिकटलेला. स्वयंपाकघराकडं दोन पावलं टाकली आणि थांबले. आम्हा दोघींकडं बघितलं. महेश्वरी ओढणीनं तोंड पुसत होती, आणि माझं तरी काय वेगळं चाललं होतं!

"काय बगायलाय?" काका खेकसले. "हाय का न्हाय भाकरी घरात?"

होती. सकाळची, गार. काका ओट्यापाशी उभ्या उभ्या ती खात होते आणि महेश्वरी आत कॉम्प्युटरवर शेवट जोडत होती. तिनं 'आलो, आलो' कापलं नाही.