साहेब विंगेत, मी बुरुजावर

अकरा वर्षं मी आमच्या मंडळींच्या प्रत्येक नाटकात होतो आणि ग्वाल्हेरात एकाही माणसानं मला पाहिलं नव्हतं. मी प्रॉम्प्टर होतो. उजव्या विंगेत, पडद्याच्या दोरीशेजारी, एका रिकाम्या खोक्यावर बसून, नक्कल म्हणजे संवादांची वही हातात धरून, मी इतरांना त्यांची वाक्यं पुरवायचो. ते टाळ्या घ्यायचे, मी पाठ अवघडून घ्यायचो.

प्रॉम्प्टरचा आवाज ही मोठी चमत्कारिक चीज असते. नटाला तो ऐकू आला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या प्रतिष्ठितांना ऐकू येता कामा नये. म्हणजे सात-आठ हात जायचं आणि तिथंच निमूटपणे मरायचं. असा आवाज मी मेहनतीनं कमावला होता. पुढे पुढे तो अंगवळणीच पडला. घरी मीठही मी त्याच आवाजात मागायचो. बायको म्हणायची, "अहो, तोंड उघडून मागा की! घरात कुणी तान्हं निजलंय का?"

मला एकदा, फक्त एकदा, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं होतं. जीव तेवढ्यासाठी जळत होता.

पण किल्लेदार, सेनापती, नायिकेचा नवरा, जी मोठी भूमिका असेल ती आमच्या साहेबांकडे जायची. साहेब म्हणजे कचेरीतले माझे सुपरिंटेंडेंट. त्यांनी वरच्या मजल्यावर "फाइल आणा" म्हटलं की फाटकाबाहेर टांग्याचे घोडे कान टवकारायचे. त्यांच्यापुढे मी कचेरीत हळू बोलायचो आणि संध्याकाळी विंगेत त्याहून हळू. चोवीस तासांची चाकरी म्हणा ना.

त्यात सरकारला हलायची हौस. मध्यभारत राज्य झालं तेव्हा राजधान्या दोन होत्या: उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. फायली पेट्यांत भरा, पेट्यांतून काढा. आम्ही नाटकंही सरकारच्या सोयीनं, हिवाळ्यात बसवायचो. जरा कुठं सवय झाली, तोच मध्यभारतच मोडला आणि राजधानी गेली भोपाळला. बदल्यांच्या याद्या निघू लागल्या. सकाळी पाटणकर बाजार नावाच्या पेठेत भाजी घ्यायला गेलं तरी लोक भाव विचारायचे सोडून "तुमचं नाव आलं का?" विचारायचे.

नेमकं त्याच हंगामात आम्ही काढलेलं नाटक होतं एका किल्लेदाराचं. शत्रू दाराशी येतो, राजा निरोप पाठवतो की निघून ये, आणि हा बुरुजावर उभा राहून म्हणतो, "मान तुटली तरी ही गढी मी सोडणार नाही!"

साहेबांनी तालमीत हे वाक्य असं म्हटलं की खिडकीची तावदानं थरथरली. त्याच आठवड्यात त्यांचा हुकूम आला आणि चौथ्या दिवशी ते भोपाळच्या गाडीत बसले. दुसरा किल्लेदार शिक्षण खात्यातला. त्याचा दुसरा अंक पाठ होईतो त्यालाही भोपाळ. तिसरा तर हुकूम यायच्या आधी, नुसत्या धास्तीनंच अंथरुणाला खिळला.

नाटक बसवणारे मास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे, ते माझ्याकडे वळले.

"तुमचं नाव यादीत आहे?"

"नाही, मास्तर." भोपाळला माझी आठवण कुणालाच झाली नव्हती.

"नक्कल पाठ आहे?"

"सगळ्यांची आहे."

"मग लावा टोप आणि राहा उभे. तुम्ही तेवढे उरलात."

असं माझं भाग्य उजळलं! कुणाला माझा अभिनय हवा होता म्हणून नव्हे, मी कुणालाच नको होतो म्हणून.

तालमी एका दुकानावरच्या लहानशा खोलीत चालायच्या. तिथं श्वास घेतला तरी ऐकू येई. मास्तर म्हणायचे, "भाव छान आहे, पण आवाज जरा मोठा काढा." मी छातीवर हात ठेवून म्हणायचो, "आवाज जपतोय, मास्तर. प्रयोगाला काढतो." तीन तालमी झालेला नट असंच बोलतो.

प्रॉम्प्टरच्या खोक्यावर मात्र बसायला कुणी तयार नव्हतं. प्रयोगाच्या दिवशी साहेब बिऱ्हाड हलवायला म्हणून चार दिवसांच्या रजेवर आलेले. म्हणाले, "अरे, मी बसतो नक्कल घेऊन. तुम्ही बेफिकीर राहा." मला तेव्हाच घाम फुटायला हवा होता.

पडदा वर गेला. बायकोनं आमची गल्ली, अर्धी दाना ओली, आणून बायकांच्या बाजूला बसवली होती. मी तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य म्हटलं. ते सात-आठ हात गेलं आणि तिथंच मेलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "भैया, ज़रा ज़ोर से!"

मी जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या, आवाज तेवढाच. वर सवय अशी की समोरची राणी जरा थांबली की तिचं पुढचं वाक्यही मीच तिला पुरवायचो. राणीचं काम करणारे पोस्टातले गृहस्थ होते ते. दात-ओठ खात, लुगडं सावरत पुटपुटले, "अहो, येतंय मला! तुम्ही तुमचं बघून घ्या ना!"

साहेबांना वाटलं, मी वाक्यं विसरतोय. त्यांनी नक्कल वाचायला सुरुवात केली. त्यांच्या मते हळू. पण तो आवाज हळू होणार कसा? विंगेतून किल्लेदार गरजू लागला. मी ओठ हलवायचो, हात वर करायचो, आणि संवाद साहेबांच्या आवाजात शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. टाळ्या पडू लागल्या! पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "क्या आवाज़ पाई है!" ते मला स्पष्ट ऐकू आलं.

दोन अंक मी हे सोसलं. तिसऱ्यात बुरुज आला. खरं तर दोन टेबलं आणि वर सतरंजी. अकरा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच. मी श्वास भरला, तलवार उपसली. आणि विंगेतून कडाडलं, "मान तुटली तरी ही गढी मी सोडणार नाही!"

माझं डोकंच फिरलं. मी वळलो आणि ओरडलो,

"साहेब, हळू बोला हो!"

गेलं. थेट मागच्या भिंतीला आपटून परत आलं. आणि जो काही हशा उसळला, त्यात शत्रू गढीत शिरला की नाही हे कुणाला कळलंच नाही. मास्तरांनी स्वतः पडदा पाडला.

रंगपटात साहेब चष्मा पुसत उभे होते. आता नोकरी गेली, असं मी धरून चाललो होतो. ते म्हणाले, "अरे, आवाज आहे की तुम्हाला! मग इतकी वर्षं मला कशाला दमवलंत?"

मी टोप काढून खुंटीला लावला. माझे ऐकू गेलेले शब्द मोजून चार, तेही नाटकातले नव्हेत.

घरी परतताना बायको म्हणाली, "बायका विचारत होत्या, यातले तुमचे कोणते?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, शेवटी ओरडले ना, ते आमचे."