लेबल वाचणारी ताई

माझी थोरली बहीण सत्तेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातली पहिली नोकरी शोधायला निघाली, तेव्हा मी तिला वेड्यात काढलं. भाऊजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद पडलं होतं. लोक हल्ली घड्याळ दुरुस्त करत नाहीत, टाकून देतात. भाऊजी खिडकीपाशी बसून शेजाऱ्यांची घड्याळं फुकटात नीट करत राहिले, आणि घर चालवायला कुणीतरी बाहेर पडणं भाग होतं. "मी बघते," ताई म्हणाली. जणू कोपऱ्यावरून दूध आणायचं होतं.

मी बावीस वर्षं कचेरीत खुर्ची उबवते आहे, म्हणून अर्ज भरायला ती माझ्याकडे आली. अनुभवाच्या रकान्याशी आल्यावर मी म्हटलं, "दोन वर्षं एका दुकानात होते असं ठोकून दे. कोण बघायला जातंय?" तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि चांगल्या ठळक अक्षरांत 'नाही' असं लिहिलं. मला इतका राग आला की मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

मग व्हायचं तेच झालं. कपड्यांच्या दुकानाने अर्ज ठेवून घेतला आणि विसरून गेलं. दवाखान्याच्या नोंदणीवरची मुलगी म्हणाली, "काकू, या वयात कशाला दगदग?" छापखान्याच्या मालकाला अनुभवी माणूस हवा होता. ताईने त्याला सरळ विचारलं, "कुणी कामावर घेतल्याशिवाय अनुभव यायचा कुठून?" त्याने उठून पंखा मोठा केला.

चौथं ठिकाण म्हणजे औषधांचं घाऊक गोदाम. तिथल्या साहेबांना माणसांची फारच टंचाई असावी. "पंधरा दिवस बघू," ते म्हणाले. काम साधं होतं. दुकानदाराने पाठवलेली यादी घ्यायची, फळ्यांवरून ती ती औषधं काढायची, पेटीत भरायची, टेप मारायची आणि पेटी टेम्पोकडे सरकवायची. बाकीचे दिवसाला चाळीस याद्या उडवत. ताईच्या जेमतेम अठरा होत. कारण ती प्रत्येक खोक्यावर बोट ठेवून नाव, ताकद आणि मुदत वाचायची, तेही पुटपुटत. चार दिवसांत तिच्या कोपऱ्याला 'वाचनालय' असं नाव पडलं.

त्या गोदामात एक मास्तर होते. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण एकोणीस वर्षं तिथे काढल्यावर सगळे त्यांना मास्तरच म्हणत. माणूस मनाचा मोठा. ताईची तारांबळ बघून ते म्हणाले, "ताई, वाचत काय बसता? रंग बघा. ही रक्तदाबाची गोळी घ्या, लाल पट्टा म्हणजे पन्नास मिलिग्रॅमची, निळा म्हणजे पाचची. डोळे मिटून हात जातो माझा."

बाराव्या दिवशी साहेबांनी ताईला बोलावून घेतलं. "शनिवारपर्यंत दिवसाला तीस याद्या दिसल्या नाहीत तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांची पद्धत धरली आणि एकतीस याद्या पुऱ्या केल्या. संध्याकाळी मी फोनवर तिचं कौतुक करायला गेले, तर आवाज पडलेला. "दिवसभर मी काय भरलं, ते मला ठाऊक नाही गं," ती म्हणाली. मी कपाळावर हात मारून घेतला. नोकरी टिकवायची की परीक्षेला बसायचंय हिला?

शुक्रवारी ती पुन्हा वाचायला लागली. यापुढचं मला मास्तरांनीच सांगितलं. स्वतःबद्दल असलं काही सांगण्याची ताईला सवयच नाही.

सकाळी अकराच्या सुमारास तिने रक्तदाबाच्या गोळीचं निळ्या पट्ट्याचं एक खोकं हातात घेतलं, आणि त्यावर पन्नास छापलेलं होतं. तिने दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. त्या सकाळीच आलेल्या नव्या मालावर कंपनीने पट्ट्यांचे रंग बदलले होते. मास्तरांनी तो माल रंग बघून फळ्यांवर लावला होता आणि रंग बघूनच सकाळपासून पेट्या भरल्या होत्या. पाचची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटात पन्नासची गेली असती. अकरा पेट्या टेम्पोत चढल्या होत्या आणि चालकाने इंजिन सुरू केलं होतं.

ताई हातातली यादी टाकून धावली आणि टेम्पोसमोर उभी राहिली. साहेब तणतणत बाहेर आले. "दुकानदार वाट बघतायत तिकडे."

"बघू देत," ताई म्हणाली. "आधी पेट्या उतरवा."

उतरवल्या. पहिल्या सहा उघडल्या, सहाही पेट्यांत चुकीची गोळी निघाली. "कुणी भरल्यात या?" साहेबांनी विचारलं. ताईला पक्कं ठाऊक होतं, पण ती म्हणाली, "साहेब, अजून पाच बघायच्या राहिल्यात, त्या बघू दे आधी." तेव्हा मागून मास्तर म्हणाले, "मी भरल्यात."

त्या दिवशी तिच्या फक्त नऊ याद्या झाल्या. साहेब संध्याकाळपर्यंत कंपनीशी फोनवर भांडत होते, तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. घरी येऊन तिने भाऊजींना सांगितलं की उद्याचा शेवटचा दिवस. मी फोनवर म्हटलं, "मग जाऊच नकोस, कशाला तोंडावर ऐकून घ्यायचं?" ती म्हणाली, "पंधरा दिवस ठरलेत ना." मला तेव्हा तिचा अभिमान वाटला, आणि त्या रकान्यात काय लिहायला सांगितलं होतं ते आठवून लाजही वाटली.

शनिवारी ती पोचली तेव्हा साहेब दाराजवळ एक टेबल ओढून आणत होते. आभार मानायला असल्या माणसांची जीभ वळत नाही. "तुम्ही इथे बसायचं," ते म्हणाले. "सोमवारपासूनही इथेच. तुम्ही वाचल्याशिवाय एकाही पेटीला टेप लागणार नाही."

पहिली पेटी मास्तरांची आली. आदल्या दिवसापर्यंत एकोणीस वर्षांत त्यांची पेटी कुणी उघडून बघितली नव्हती. त्यांनी ती स्वतः उचलून टेबलावर ठेवली, झाकण वर केलं आणि म्हणाले, "बघा ताई, माझं काही चुकलंय का."

ताईने यादी हातात घेतली. तिचं पूर्ण वाचून होईपर्यंत मास्तर तिथेच उभे राहिले.