गेजला लागलेलं कुंकू

सप्तापुरातल्या आमच्या गॅरेजमध्ये माझ्या पसंतीची एकच वस्तू आहे, पण ती सगळ्यांत भारी आहे: दोन व्हॅक्यूम गेजची जोडी. दोन कार्बोरेटरच्या गाडीत दोन्हींची हवेची ओढ सारखी हवी, नाहीतर इंजिन लंगडतं. ती ओढ गेजचा काटा दाखवतो. हुबळीत मी आधी एक चकचकीत जोडी बघितली, तिचे काटे शून्यावर परतेचनात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. गेजऐवजी मिळणाऱ्या पाऱ्याच्या नळ्यांना तर हातच लावला नाही. सांडला तर विष. शेवटी एकाच नळीवर लावून दोन्ही काटे सारखे दाखवणारी जोडी निवडली. दुकानदार कंटाळला, मी नाही.

माझे वडील, अप्पा, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून आवाजावरून जुळवणी करतात. "हातच्या कांकणाला आरसा कशाला गं?" म्हणून माझ्या गेजची टिंगल करायचे. जुळवणीचं काम त्यांनी कधीच कुणाला दिलं नव्हतं, आणि मला तेच हवं होतं.

गेल्या दसऱ्याला एक निवृत्त प्राध्यापक आपली जुनी दोन सिलिंडरची गाडी घेऊन आले. अळणावरमार्गे गोव्याला जायचं होतं त्यांना. अप्पा मला म्हणाले, "ही तू कर. जमलं नाही तर पुन्हा मागायचं नाही."

आधी त्यांनी स्वतः कान लावला. "डावा मागं पडायलाय."

माझे गेज म्हणाले, उजवा. अप्पा गालात हसले. माझं डोकं तापलं, पण जुळवणीच्या स्क्रूला हात लावला नाही. दोन्ही गेजची अदलाबदल केली. आता डावा फारच मागे दिसायला लागला. म्हणजे चूक गेजबरोबर फिरत होती. त्या गेजची नळी उपसली, तर गेजच्या ज्या तोंडावर ती बसते तिथे हळदकुंकवाचा वाळलेला थर. तिथून हवा शिरत होती.

आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती. हत्यारांची पूजा अप्पांनीच केली होती. पाने-पकडींना एकेक बोट, आणि माझ्या गेजला चांगलं माखून. एवढी टिंगल करणाऱ्या माणसानं सगळ्यांत जास्त कुंकू तिथंच लावलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

पेट्रोलच्या फडक्यानं तोंड पुसलं, नळ्या बसवल्या. डावा खरंच जरासा मागे होता. अप्पांचा कान खोटा नव्हता. पण तो जरासा म्हणजे नेमका किती, ते काट्यानं दाखवलं. स्क्रू हळूहळू फिरवून मी दोन्ही काटे एका रेषेत आणले.

प्राध्यापक एक फेरी मारून आले. "यारु माडिदरु?" कुणी केलं, म्हणून कानडीत विचारलं.

कुणीही विचारलं की अप्पांचं उत्तर ठरलेलं, "नावु माडेवि", आम्ही केलं. त्या दिवशी मात्र ते तसं म्हणाले नाहीत.

"नन्न मगळु," म्हणाले. माझी मुलगी.