दिगूची काळी चार

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी आरशासमोर उभा राहून मिशीला कलप लावत होतो. संध्याकाळी हळदीचा कार्यक्रम होता, आणि निवेदकाची मिशी कशी काळीभोर लागते. अर्धीच झाली होती. मंगलवहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे उठेनात..." तसाच पुंडलिकनगरला त्यांच्या घरी धावलो, आणि अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या मिशीनं सगळे अंत्यविधी पार पाडले. कुणी काही बोललं नाही. बोलला असता असा एकच माणूस होता, आणि तो आडवा होता.

दिगंबर, म्हणजे आमचा दिगू, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. बाप मेंढरं राखायचा. दिगूच्या कीबोर्डात व्हायोलिनचा ताफा, सनई, बासरी, ढोल अशी सगळी फौज एका काळ्या खोक्यात मावलेली असायची. दिवसा घरच्या खोलीत त्यावर रिक्षातून वाजणाऱ्या जाहिराती रेकॉर्ड करायच्या, संध्याकाळी तोच खांद्याला अडकवून स्टेजवर. "मेंढरं काय अन् वाद्यं काय, हाकायला एक माणूस पुरं," म्हणायचा. गायला त्याची बायको मंगलवहिनी, बोलायला मी, तालाला ऑक्टोपॅडवर एक जण. गिटार नाही, पेटी नाही, बासरी नाही. लोक म्हणायचे, दिगू चिक्कू आहे. खरं कारण त्याला आणि मला ठाऊक होतं.

वहिनींची पट्टी काळी चार. पेटीवरची चौथी काळी पट्टी सा धरून त्या गायच्या, आणि तिथून आवाज असा वर जायचा की मांडवातले वाढपी हातातलं पातेलं विसरायचे. त्यांना त्याचा मोठा तोरा. "काळी चार सुटली, त्या दिवशी माइक खाली ठेवीन. खालच्या पट्टीत रडगाणं गाणारी बाई मला व्हायचं नाय," असं भर कार्यक्रमात सांगायच्या. मग गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं. आवाज परत आला, पण वरचे सूर फाटायला लागले. त्यांना वाटलं, सर्दी आहे. दिगूला कळलं, काय आहे ते.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या कार्यक्रमाआधी त्यानं मला स्टेजमागं ओढलं. कीबोर्डवर ट्रान्सपोज नावाचं बटण असतं. ते दाबलं की बोटं जुन्याच पट्ट्यांवर पडतात, पण आवाज खालचा निघतो. त्यानं काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मिळून तीन घरं खाली नेला. "ती माझ्या बोटांकडं बघून उभी राहती, वसंता. बोटं काळी चारवरच दिसत्याल. कुणाला बोललास तर तुझी मिशी उपटीन." बहुतेकांचा कान सूर ओळखतो, पट्टी मात्र डोळ्यांनी बघावी लागते. त्या संध्याकाळी वहिनी पांढरी चारमध्ये गायल्या आणि घरी जाताना म्हणाल्या, "बघा, गेली ना सर्दी?"

वर्षानुवर्षं हे चाललं. आता कळलं, गिटार का नव्हतं? दुसरं कुठलंही सुराचं वाद्य शेजारी आलं असतं, तर लबाडी तिथंच उघडी पडली असती.

...आणि करमाडला ती वेळ आली. भर दुपारची हळद. नवरदेवाचे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवणारे. स्वतःची पेटी छातीशी धरून थेट स्टेजवर चढले, दिगूला खेटून मांडी घातली. "आम्ही बी साथ देतो. बाई, पट्टी?"

"काळी चार," वहिनी ऐटीत म्हणाल्या.

आजोबांनी भाता ओढला. खणखणीत काळी चार निघाली. दिगूचे हात कीबोर्डच्या वर तरंगत राहिले. वाजवावं, तर दोन सुरांची भर मांडवात कुस्ती. बटण शून्यावर आणावं, तर वहिनींचा आवाज पहिल्याच आलापात फाटणार, आणि शब्दाच्या पक्क्या त्या, माइक कायमचा खाली. त्यानं माझ्याकडं बघितलं. बोकड खाटकाकडं बघतो तसं.

वहिनींनी श्वास घेतला. त्याच क्षणी मी माइकवर ओरडलो, "थांबा! आधी सत्कार!"

मराठवाड्यात सत्काराला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. नवरदेवाच्या मामाच्या खांद्यावरची शाल ओढली, रुखवतातला नारळ उचलला. आजोबांचे दोन्ही हात शालीत गुंडाळून त्यात नारळ दिला. त्यांना खाली मानाच्या सोफ्यावर नेलं आणि पेटी स्वतः उचलून मांडवामागं ठेवून आलो. वर आग्रह केला, "आबा, दोन शब्द बोला." आबांनी पेशवाईपासून सुरुवात केली. पंगत बसली, उठली. आबांना भरून आलं, वहिनींचं गाणं झालं, आणि पेटीची आठवण कुणालाच राहिली नाही. परतताना दिगू म्हणाला, "आज लई भारी वाजवलंस, वसंता."

तो गेल्यावर काही आठवड्यांनी आम्ही त्याच्यासाठी गाण्यांची संध्याकाळ ठेवली. वहिनी गाणार होत्या. सकाळी तालमीला जालन्याचे शेख मास्तर घरी आले आणि दिगूच्या कीबोर्डसमोर बसले. कीबोर्ड सुरू झाला. तो बंद करून चालू केला की ट्रान्सपोज आपोआप शून्यावर येतं. "भाभी, पट्टी?" "काळी चार." मास्तरांची बोटं तिथं जाताच मी त्यांना हाताला धरून उठवलं. त्यांना बाहेर नेऊन सांगितलं. मास्तर भला माणूस. "हो जाएगा, हम भी दबा देंगे," म्हणाले.

पण मला ते पटेना. ती लबाडी नवऱ्याची होती. परक्या माणसाच्या बोटांत गेली असती, तर तिची निव्वळ फसवणूक झाली असती. मी आत जाऊन वहिनींना सगळं सांगितलं.

"किती खाली?"

"तीन घरं. पांढरी चार."

"म्हणजे करमाडच्या म्हाताऱ्याला शाल..."

"व्हय."

"दोघांनी मिळून माझा तमाशा केला!" त्या आत गेल्या, दार लावून घेतलं. जेवायलाही बाहेर आल्या नाहीत.

संध्याकाळी हॉल भरला. वहिनींची खुर्ची रिकामी. मी बोलत सुटलो. दिगूचे किस्से संपले, माझे सुरू केले. ऑक्टोपॅडवाला घड्याळ दाखवत होता. तेवढ्यात मागच्या दारातून त्या आल्या. डोळे सुजलेले. सरळ स्टेजवर आल्या आणि माझ्या हातातला माइक काढून घेतला. आता खाली ठेवणार, मला वाटलं.

"मास्तर," त्या माइकवरच म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पांढरी चार. बटण नको. बोटं खरी ठेवा."

आणि गायल्या. कुठंही फाटलं नाही.

हे लिहू का, असं विचारायला परवा मी गेलो होतो. "लिहा," म्हणाल्या, "वर गेल्यावर त्यांच्याकडं बघतेच मी." समोर कीबोर्ड उघडा होता. आता त्या रोज सकाळी त्यावर एका बोटानं सूर धरून रियाज करतात. नवशिक्या मुलीसारख्या मान खाली घालून, आपलं बोट कुठं पडतंय ते बघत. रियाज झाल्यावर कपड्यानं सगळ्या पट्ट्या पुसतात. त्या दिवशी पुसता पुसता चौथ्या काळीवर हात थांबला, बोट जरा जोरात दाबलं गेलं. सूर वाजला. वहिनींनी बोट उचललं नाही, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा काही बोललो नाही.