मालकाचं नाव

लोणावळ्याच्या बाजारात मासळीची पाटी शेजारून गेली, की मला पवनानगरजवळच्या एका वाडीतली सकाळ आठवते. गुरांच्या दवाखान्यात मी तेव्हा नवा होतो. कुत्री पिसाळू नयेत म्हणून लस टोचायला तिथं गेलो होतो. दारोदारी तीच कुत्री भाकरी खात होती, पण विचारलं की उत्तर एकच, "आमचं न्हाई, वाडीचं हाय." नाव लावलं, तर चावल्याचं भांडण आपल्या दारात येणार ना! वहीतला मालकाचा रकाना कोरा, आणि माझ्या हाती एकही कुत्रं लागेना.

तेवढ्यात धरणातली मासळी विकणाऱ्या हौसामावशी आल्या. मागे वाडीतली सगळी कुत्री. मावशींनी एकेकाला मासा टाकला, मानगूट धरून गुडघ्यांत दाबलं. "टोचा बिगीनं, सायेब." दर वेळी त्या डोळे घट्ट मिटून घेत. मला वाटलं, सुई बघवत नसेल.

"मालक कोण लिहू?"

"समद्यांच्या म्होरं माजं नाव लिवा."

चौदा कुत्री, एकच मालकीण. निघताना मी म्हटलं, "मावशी, फार जीव आहे तुमचा कुत्र्यांवर."

"कसला जीव! लय भ्या वाटतं मला त्यांचं. अंगावर येऊ न्हाई म्हणून तर रोज मासा टाकते."

"मग धरलीत कशी?"

त्यांनी अंगणाकडे बोट दाखवलं. नुकत्याच टोचलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पडून दोन पोरं लोळत होती.

"त्या पोरास्नी कुटं भ्या वाटतंय?"