सुकरीच्या बाजूची सीट

मर्केटोल्यात एकच जीप होती आणि ती जंगू उसेंडीची होती, म्हणून गावात जंगूला मान होता. एरवी त्याला मान द्यावा असं त्याच्यात काही नाही, असं त्याची बायको सुकरीच म्हणायची. धानोऱ्याचा बाजार असो, कुणाची सोयरीक असो, की कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, जंगूची जीप निघायची, आणि जीप निघाली की जंगूचं तोंडही निघायचं. आडवं गेलेलं रानडुक्कर, मागच्या सालचा पाऊस, क्लचची कुरकुर, त्याला काहीही पुरायचं. बाजूच्या सीटवरून सुकरी "हूं" म्हणायची. खिडकीबाहेर बघत, सुपारी कातरत, अर्धवट झोपेतसुद्धा म्हणायची. गाडी डिझेलवर चालायची आणि जंगू त्या हूंवर.

पुढच्या दोन्ही सीटांची मात्र पार रया गेली होती. रेग्झीन फाटलं होतं, आतला काथ्या उंदरांनी पळवला होता, आणि सुकरीच्या सीटची एक स्प्रिंग अशी वर आली होती की खड्डा आला की नेमकी टोचायची. सुकरी पोत्याची घडी करून त्यावर बसायची.

"सीट कधी बदलवता जी?"

"दिवाळी होऊ दे, बदलवतो."

दिवाळ्या होत गेल्या. पोतं तेवढं बदललं.

सुकरीला ताप आला तेव्हा दोन-तीन दिवस घरातच निघाले. मग जंगूने गाडी काढली. ती आपल्या पायांनी चालत गाडीपर्यंत आली, म्हणून तिला मागे आडवं करून न्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही. नेहमीसारखी पुढे बसली. गडबडीत पोतं घरीच राहिलं होतं. नाल्याजवळ गाडी आदळली आणि स्प्रिंग टोचली.

"येवढं तरी करा जी," ती म्हणाली.

जंगूला आधीच धास्ती होती, आणि धास्तावला की तो चिडायचा. "ताप आला तुले, आन् पडली सीटची!" तो ओरडला.

सुकरीने खिडकीकडे तोंड फिरवलं. जंगूला वाटलं, रुसली. थोड्या वेळाने त्याने समजूत काढायला सुरुवात केली. येत्या बाजाराला चंद्रपूरला जातो, सीटा आणतो, मऊ आणतो, असं बरंच बोलला. तिकडून हूं नाही. आणखी बोलला. हूं नाही. मग त्यालाही राग आला. रुसू दे म्हणाला आणि तोही गप्प बसला, आणि मान न वळवता थेट गडचिरोलीपर्यंत गाडी हाकत गेला.

दवाखान्यात डॉक्टरने तिचा हात धरून पाहिला, डोळे पाहिले आणि विचारलं, "केव्हापासून अशी आहे?"

"आत्ताच," जंगू म्हणाला.

पुढे ज्याने विचारलं त्याला त्याने तेच सांगितलं, दवाखान्याच्या दारात गेली. गावचा पुजारी म्हणजे गायता, म्हातारा बुधू, त्यालाही तेच.

"दारात म्हंजे गाडीतच ना?" बुधूने विचारलं.

"हाव."

"मंग ते सीट तिची झाली."

मर्केटोल्याची रीत अशी की मेलेल्याला ज्या बाजेवरून न्यायचं, ती बाज मसणात उलटी टाकून यायची, परत घरात आणायची नाही. सीटबद्दल पूर्वजांनी काही सांगून ठेवलं नव्हतं, कारण त्यांच्याकडे जीप नव्हती. पण बुधूला फार विचार करावा लागला नाही. जंगूने स्वतः पाना घेतला आणि गंजलेले बोल्ट सोडवले. चौघांनी सीट खांद्यावर नेली आणि सुकरीच्या मातीशेजारी उलटी ठेवली. टोचणारी स्प्रिंग खाली जमिनीत रुतली. बाया रडत होत्या. जंगू एका बोल्टचे आटे किती झिजलेत ते बघत होता.

त्याला काहीच वाटत नव्हतं, आणि हे त्याचं त्यालाही कळत होतं. पाय बधिर झाला की चिमटा काढून बघतो, तसा तो मधूनच सुकरीचं नाव मनात घेऊन बघायचा. काही नाही. जेवायचा, गुरांना पाणी दाखवायचा, गाडी पुसायचा. बोलणं तेवढं बंद झालं होतं. बोलघेवडा माणूस गप्प झाला की लोकांना करमत नाही. दुःख मोठं आहे, असं काही म्हणाले. काहींना वाटलं, दुःखच नाही. जंगूला वाटायचं, दुसरं म्हणणारेच खरे असतील.

गाडीत कुणी बसेना. बुधूने सरळ सांगून टाकलं होतं, "जुनी आन, नवी आन, पन जिच्यावर कोनाचा जीव गेला नाई अशी आन. नाई तं गाव बसनार नाई." आणि गाव बसत नाही म्हणजे जंगूची जीप म्हणजे अंगणातलं कोंबड्यांचं खुराडं.

त्या जीपला नव्या सीटा आता मिळतच नव्हत्या. जंगू एकटाच चंद्रपूरला निघाला. बाजूला सीटच्या जागी नुसता पत्रा होता. गंजून त्याला भोक पडलेलं, आणि त्यातून सबंध वाट खाली पळताना दिसायची. सावली गाव मागे गेलं, मूल गाव मागे गेलं. जंगूने त्या भोकाकडे एकदाही पाहिलं नाही.

चंद्रपूरच्या अलीकडे पत्रूचं भंगार होतं. गाड्याच गाड्या, कुणाचं नाक चेपलेलं, कुणाची काच फुटलेली. पत्रूने सीटा दाखवायला सुरुवात केली आणि जंगू प्रत्येक सीटजवळ थांबून एकच विचारू लागला.

"याच्यावर कोनी मेलं तं नाई ना?"

"नाई रे बावा. एक नंबर सीट आहे."

"आन् याच्यावर?"

असं चार-पाच गाड्यांपाशी झाल्यावर पत्रू वैतागला. "अरे, माह्याकडं गाड्या कुठून येते? वरातीतून येते का? कोन जगलं, कोन मेलं, मी काऊन विचारू? आन् मी खोटं सांगितलं तं तुले कसं समजन? बसल्यावर समजते का?"

"नाई समजत," जंगू म्हणाला. "बाजूले बसलं तरी नाई समजत."

पत्रूने त्याच्याकडे पाहिलं. भंगारवाल्याला माणसाची पारख नसते असं नाही. तो त्याला यार्डाच्या मागच्या अंगाला घेऊन गेला. तिथे एक धड गाडी उभी होती, कुठे चेपलेली नाही की फुटलेली नाही.

"इरई नदीचा पूर आला तवा अंगनात बुडाली," पत्रू म्हणाला. "मालक माडीवर, गाडी पान्यात. कोनी नाई मेलं. सीटले चिखलाचा वास येते थोडा, बाकी फोम कडक आहे. जोडीनं घे. आन् तुह्या जुन्या दोन्ही मले टाकून जाय."

"एकच आहे."

"दुसरी कुठी गेली?"

"तिची माती झाली," जंगू म्हणाला.

नव्या सीटांच्या पट्ट्या जीपच्या भोकांना जुळेनात. पत्रूच्या मिस्त्रीने नवी भोकं पाडली, खाली लोखंडी अँगल वेल्ड केले आणि पत्र्याचं भोकही बुजवलं. जंगूची जुनी सीट ढिगावर पडली. नव्या सीटवर तो आधीपेक्षा खाली बसला, बॉनेट मोठं दिसायला लागलं, आणि घरी पोचेपर्यंत गाडी दुसऱ्याचीच वाटत राहिली.

बुधूने सीटचा वास घेतला, पुराची हकीकत ऐकली आणि मोहाच्या दारूचे थेंब शिंपडून मान हलवली. तरी बाजाराच्या दिवशी लोक लांबूनच बघत उभे. पहिली खेप त्यांनी कलाबाईवर सोडली. कलाबाई सुकरीची जिवाभावाची शेजारीण, कुणाच्या बापाला न भिणारी. मोहफुलांची टोपली मागे ठेवून ती पुढे चढली.

"अगं माय! पलंगच आहे हा तं," ती म्हणाली. "सुकरी बसाले पाहिजे होती."

जंगूने गाडी सुरू केली. कलाबाई बाजारभाव बोलली, सुनेला नावं ठेवून झाली. नाला आला, गाडी आदळली. टोचायला स्प्रिंग नव्हती. मग काही वेळाने जंगूच्या ध्यानात आलं की बाजूने आवाज येत नाही.

त्याने समोरच पाहिलं. त्याही दिवशी त्याने समोरच पाहिलं होतं. नुसती मान वळवायची होती, तेवढं त्याच्याने झालं नव्हतं.

"कलाबाई," तो म्हणाला.

उत्तर नाही. जंगूने करकचून ब्रेक मारला आणि मान वळवली. कलाबाईचं डोकं खिडकीकडे कललेलं. त्याने तिचा दंड धरून गदागदा हलवला.

"अगं माय वं!" कलाबाई किंचाळून जागी झाली. "काय झालं? वाघ आला का?"

"झोपू नको."

"सीट मऊ लागली, डोया लागला जरा. येवढा काऊन घाबरून राह्यला, जंगूभाऊ?"

"झोपू नको कलाबाई. मी बोलतो. तू हूं म्हन."

"कशाले?"

"म्हन नुसतं."

त्याने गाडी पुन्हा चालू केली, आणि इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. "दवाखान्याच्या दारात गेली म्हनलं मी. ते खोटं आहे. कुठी गेली मले माहीत नाई. या नाल्यापाशी गेली, का पुढच्या फाट्यावर, का गडचिरोलीत. सीटसाठी तिच्यावर ओरडलो मी. मले वाटलं रुसली. म्हून पाह्यलं नाई."

कलाबाई त्याच्याकडे बघतच राहिली.

"हूं म्हन ना, बाई!" जंगू ओरडला.

"हूं," कलाबाई म्हणाली.

त्या एका हूंने जंगूला रडू फुटलं. त्याने गाडी थांबवली नाही. नाक ओढत, बाहीने डोळे पुसत तो सांगत राहिला, आणि धानोऱ्याचा बाजार दिसेपर्यंत कलाबाई सीटच्या अगदी कडेला, ताठ बसून, हूं म्हणत राहिली.